गर्दी ओसरल्यावर न्यायाचं काम कसं चालतं? आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात बिंदू चौकाजवळच्या एका खोलीत आम्ही दहा-बारा जण दर रविवारी सकाळी बसतो. दोन वकील, एक निवृत्त तलाठी, तीन शिक्षिका, आयुष्यभर वॉर्डात काम केलेल्या एक सिस्टर आणि कॉलेजची काही मुलं. कुठं दंगल झाली, घरं फुटली, अटकसत्र सुरू झालं, की तिथं जाऊन माणसांचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यापासून कोर्टापर्यंत जायचं, एवढंच आमचं काम. येणारा प्रत्येक जण साधारण तेच प्रश्न विचारतो. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे. कायद्याची कलमं आमच्या वकील मंडळींनी तपासली आहेत. मतं माझी.

तुम्ही नेमकं करता काय?

लिहून घेतो. तारीख, वेळ, जागा, कोण होतं, काय दिसलं, काय ऐकलं, काय गेलं. सांगणाऱ्याच्या बोलीत, त्याच्याच शब्दांत. मग त्याला वाचून दाखवतो, तो दुरुस्त्या सांगतो, खाली सही किंवा अंगठा. एक प्रत त्याच्याकडे, एक आमच्या कपाटात.

एका वाडीतल्या घरात गेलो होतो. दार चौकटीसकट उखडलेलं, गॅसची शेगडी वाकडी झालेली, चुलीपाशी तांदूळ सांडलेले. मावशी त्या तांदळातून खडे वेचावेत तशी काचा वेचत होत्या. मी विचारलं, "मावशी, काय काय गेलं?" त्या म्हणाल्या, "समदंच गेलं की." मग आमच्या तलाठी काकांनी चटई टाकली, त्यांच्याजवळ बसले आणि एकेक खोली विचारत गेले. माजघरात काय होतं? शिलाई मशीन. कुठल्या वर्षी घेतलं? थोरलीच्या लग्नाआधी. पावती? नाही. मशीनवर शिवलेल्या ब्लाउजांचा हिशेब लिहिलेली वही मात्र होती, अर्धी भिजलेली. ती वही पुढं कामाला आली. दीड तासानं यादी चौतीस वस्तूंची झाली. उठताना मावशींनी विचारलं, "पण बाळा, हे लिवून काय हुतंय?"

मग सांगा, लिहून काय होतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून उत्तर जरा लांब देतो.

चिली देशात ११ सप्टेंबर १९७३ ला लष्करानं सत्ता बळकावली. माणसं रात्रीतून उचलली जाऊ लागली. तिथल्या चर्चच्या आधारानं वकील आणि समाजसेविका एकत्र आल्या आणि प्रत्येक बेपत्ता माणसासाठी कोर्टात अर्ज घालू लागल्या. आपल्याकडे ज्याला हेबिअस कॉर्पस म्हणतात, तसा. माणूस कुठं आहे ते दाखवा, एवढीच मागणी. असे हजारो अर्ज झाले आणि जवळजवळ सगळे फेटाळले गेले. तरी त्यांनी अर्ज करणं थांबवलं नाही. १९७६ पासून हे काम सांतियागोच्या चर्चच्या एका स्वतंत्र कार्यालयातून चालू राहिलं. प्रत्येक अर्जाची फाईल, फोटो, आईची हकीकत, शेजाऱ्यानं पाहिलेल्या गाडीचं वर्णन, सगळं जपलं गेलं. १९९० मध्ये लोकशाही परत आली, सत्यशोधन आयोग नेमला गेला, तेव्हा आयोगाला हाताशी तयार सापडल्या त्या याच फाईली. पुढच्याच वर्षी आयोगानं २,२७९ जणांचे बळी नावानिशी नोंदवले. कोर्टात हरलेला कागद सतरा वर्षांनी साक्षीला उभा राहिला.

अर्जेंटिनाचंही तसंच. तिथं मार्च १९७६ मध्ये लष्करी राजवट आली. ३० एप्रिल १९७७ ला चौदा आया राजधानीतल्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या. त्यांची मुलं गायब होती. पोलीस म्हणाले, इथं घोळका करून उभं राहायचं नाही, चालत राहा. मग त्या चालू लागल्या, दोघी-दोघी हातात हात घालून, चौकातल्या स्तंभाभोवती. पुढं दर गुरुवारी, डोक्याला पांढरा रुमाल बांधून. त्या वर्षाच्या डिसेंबरात त्यांच्यातल्या तिघींनाही उचलून नेलं. अझुसेना विलाफ्लोर ही त्यांची पुढारीण त्यात होती. तिचे अवशेष २००५ मध्ये ओळखले गेले, तेही न्यायवैद्यक शास्त्रज्ञांच्या एका स्वयंसेवी पथकाकडून. १९८३ च्या शेवटी राजवट संपली, आयोग नेमला गेला आणि त्यानं ८,९६० बेपत्ता माणसं नोंदवली. १९८५ मध्ये नऊ लष्करशहांवर खटला चालला, पाच जणांना शिक्षा झाली. पुढं दबावाखाली १९८६ आणि १९८७ मध्ये सूट देणारे कायदे झाले, खटले बंद पडले. ते कायदे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये रद्दबातल ठरवले आणि खटले पुन्हा उभे राहिले. मधल्या अठरा-वीस वर्षांत फाईल कुणी सांभाळली? त्या आयांनी आणि त्यांच्या साथीदारांनी.

मावशींना मी एवढं सगळं सांगितलं नाही. इतकंच म्हणालो की, उद्या कुणी म्हणालं इथं काही झालंच नाही, तर हा कागद दाखवता येईल.

हे सगळं परदेशातलं. कोल्हापूरचा काय संबंध?

कोल्हापूरनं उलथापालथ पाहिलेली आहे. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ च्या जानेवारीअखेर, इथं आणि आसपासच्या गावांत ब्राह्मणांची घरं जाळली गेली. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ त्यात जळाला, हे सगळ्यांना माहीत आहे. पण गावोगावच्या भिक्षुकांची, शिक्षकांची, छोट्या दुकानदारांची जी घरं गेली, त्यांची आठवण उरली ती त्या त्या घरांतच, आजीनं नातवाला सांगितलेली. मोठ्या जागेची आठवण राहते, लहान घराची राहत नाही. म्हणून आम्ही लहान घरापासून सुरुवात करतो.

अलीकडचं सगळ्यांना आठवत असेल. ७ जून २०२३ ला मोबाईलवरच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, शिवाजी चौकात जमाव जमला, दगडफेक झाली, लाठीमार आणि अश्रुधूर झाला, इंटरनेट बंद केलं गेलं. १४ जुलै २०२४ ला, विशाळगडावरची अतिक्रमणं हटवा म्हणून आंदोलन चालू असताना, गडाच्या पायथ्याला गजापुरात घरांवर आणि मशिदीवर हल्ला झाला. त्या घरांतल्या लोकांचा गडावरच्या अतिक्रमणाशी काडीचा संबंध नव्हता.

आणि ज्या शहरानं राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, ६ मे २०२२ च्या सकाळी दहा वाजता, शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभं राहून मानवंदना दिली, तेही हेच शहर. मी त्या दिवशी रस्त्यातच होतो. रिक्षा थांबली होती, भाजीवाली मावशी पाटी खाली ठेवून उभी होती. हे दोन्ही कोल्हापूर खरे आहेत. आमचं काम या दोन्हींमध्ये चालतं.

आणीबाणीनंतर आपल्या देशात न्याय झाला का?

अर्धामुर्धा. २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७ या काळात मिसा (खटल्याविना तुरुंगात ठेवू देणारा कायदा) आणि भारत संरक्षण नियमांखाली मिळून सुमारे १ लाख ११ हजार माणसं अटकेत गेली. हा आकडा आज आपल्याला सांगता येतो, कारण मे १९७७ मध्ये शाह आयोग नेमला गेला आणि त्यानं राज्याराज्यांतून कागद मागवले. आयोगानं ज्यांच्यावर ठपका ठेवला, त्यांच्यातल्या फारच थोड्यांना किंमत मोजावी लागली. पण १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं एक पक्की गोष्ट झाली. आता आणीबाणी लागली तरी जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, म्हणजे कलम २१, स्थगित करता येत नाही. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उलटा निकाल दिला होता आणि पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या एच. आर. खन्ना यांनी विरोधी मत लिहिलं होतं. तो निकाल न्यायालयानं २०१७ मध्ये स्वतःच चुकीचा ठरवला.

मला मात्र या काळातलं एकच नाव सारखं आठवतं, केरळच्या टी. व्ही. ईचर वारियर यांचं. ते हिंदीचे प्राध्यापक. त्यांचा मुलगा राजन, कालिकतला इंजिनिअरिंगला होता. १ मार्च १९७६ ला पोलिसांनी त्याला वसतिगृहातून नेलं. बाप वर्षभर अर्ज करत, मंत्र्यांच्या दारात जात राहिला. आणीबाणी उठताच, मार्च १९७७ मध्ये, त्यांनी उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस दाखल केली. मुलगा पोलीस कोठडीतल्या छळानं गेला हे उघड झालं आणि मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. राजनचा मृतदेह कधीच मिळाला नाही.

आणि महाराष्ट्रातलं उदाहरण?

मुंबईची १९९२-९३ ची दंगल. श्रीकृष्ण आयोगानं ९०० मृत्यू नोंदवले, १६८ माणसं बेपत्ता होती. हा आयोग १९९६ मध्ये सरकारनं मध्येच गुंडाळला होता. लोकांनी आवाज उठवल्यावर तो पुन्हा सुरू झाला. बेपत्ता लोकांच्या वारसांना दोन लाख रुपये भरपाई ठरली, पण मिळाली ६० कुटुंबांनाच. उरलेल्यांचं काय, तर पत्ता लागत नाही किंवा कागद पुरे झाले नाहीत. ४ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्या १०८ जणांचे वारस शोधा आणि व्याजासकट पैसे द्या. तीस वर्षांनी! एका कुटुंबाचा नवा पत्ता वहीत लिहिलेला असता, गावाकडच्या मामाचं नाव लिहिलेलं असतं, तर कदाचित ते कुटुंब सापडलं असतं. म्हणून आमच्या नमुन्यात "गावाकडचा पत्ता" आणि "दोन नातेवाईक" हे रकाने आहेत. लोकांना वाटतं, हे कशाला विचारतायत. त्याचं कारण हे.

पोलीस तक्रार घेत नाहीत. काय करायचं?

दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा गुन्हा, असेल तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच हे सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ असं सांगतं की गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते. ऑनलाईन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. प्रत फुकट मिळते, ती तिथल्या तिथं मागून घ्या. ज्या गुन्ह्यांना तीन वर्षं किंवा जास्त, पण सातपेक्षा कमी शिक्षा आहे, त्यांत वरिष्ठांच्या परवानगीनं चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी होऊ शकते. त्या नावाखाली महिनोन् महिने कागद पडून राहत असेल तर ते चूक आहे.

ठाण्यात नकार मिळाला तर तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा. पोस्टाची पावती जपा. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. एका ठाण्यात आमच्यासोबतच्या चाचांना सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत बाकावर बसवून ठेवलं होतं. शेवटी आमच्या वकील ताईंनी त्या नऊ तासांची नोंदच अर्जात घातली, कोण आलं, कुणी काय म्हटलं, वेळेसकट. दुसऱ्या दिवशी एफआयआर झाला.

मुलाला रात्री उचलून नेलं. सकाळपर्यंत थांबू का?

थांबू नका. लगेच ठाण्यात जा. शक्यतो दोघं-तिघं जा आणि त्यात एक बाई असू द्या. विचारा: अटक केली आहे की चौकशीला आणलंय? अटक असेल तर चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं, प्रवासाचा वेळ वगळून. अटकेची खबर नातेवाईकाला देणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अटकेची कारणं लेखी, माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयानं ६ नोव्हेंबर २०२५ च्या निकालात सगळ्या गुन्ह्यांसाठी स्पष्ट केलं आहे. वैद्यकीय तपासणी होते, तेव्हा डॉक्टरांना मार लागल्याचं सांगायला मुलाला धीर द्या. पोरं घाबरून "पडलो" म्हणतात.

मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला हातात घेऊनच निघा. स्टेटसवरून झालेल्या भानगडीत कोवळी पोरं किती सापडतात, ते कोल्हापूरला सांगायला नको.

घर फोडलं, दुकान जाळलं. भरपाई मिळते का?

पंचनामा म्हणजे काय हे शिरोळ-करवीरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही, २०१९ आणि २०२१ च्या महापुरानं ते शिकवलं आहे. इथंही सुरुवात तिथूनच. तलाठी आणि ग्रामसेवक येण्याआधी घर झाडून काढू नका. चारी बाजूंनी फोटो काढा, वस्तू आणि शेजारचं घर एकाच फोटोत येऊ द्या, म्हणजे जागा ओळखता येते.

जखम किंवा मृत्यू असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली पीडित भरपाई योजना आहे, अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. मालमत्तेचं मात्र अवघड जातं. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, पाठपुरावा आणि शेवटी उच्च न्यायालय. इथं एक मोठा बदल झाला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू आहे, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी. चाळीसहून अधिक वर्षं वकिलांनी आणि सामान्य लोकांनी त्यासाठी आंदोलन केलं. पूर्वी रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठायची, तिथं तारीख पडायची, आणि पुन्हा रात्रीच्या गाडीनं परत. मजुरी बुडायची ती वेगळी. आता शाहूवाडीची बाई सकाळी एसटीनं येऊन संध्याकाळी चुलीपाशी परत जाते.

आणि घर जमावानं न पाडता प्रशासनानं पाडलं असेल तर? १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पंधरा दिवसांची पूर्वसूचना सक्तीची केली आहे. आरोपी आहे म्हणून कुणाचं घर पाडता येत नाही.

मोबाईलवर व्हिडिओ आहेत. ते ग्रुपवर टाकू का?

कृपा करून टाकू नका. व्हॉट्सॲपवर फिरला की व्हिडिओचा दर्जा घसरतो, मूळ तारीख-वेळ निघून जाते आणि पुढं तोच व्हिडिओ दुसऱ्या गावच्या नावानं आग लावायला वापरला जातो. मूळ फोन जपा. फाईलचं नाव बदलू नका. कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते आम्ही भरून देतो.

दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसलं जातं. म्हणून पहिल्या दोन दिवसांत दुकानदाराला आणि पोलिसांना लेखी पत्र द्या की अमुक तारखेचं चित्रण राखून ठेवावं. पोलीस ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण किमान वर्षभर ठेवायचा आदेश सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये दिला आहे.

मानवी हक्क आयोगाकडे जाऊन उपयोग होतो का?

होतो, पण आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज मराठीत चालतो. घटनेपासून एका वर्षाच्या आत जा, त्यानंतर कायद्यानं दार बंद होतं.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतली माणसं, जातीय अत्याचाराचे आणि सामूहिक हिंसाचाराचे बळी यांना मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. उत्पन्नाची अट त्यांना नाही. कसबा बावड्याच्या न्याय संकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. फोनवर १५१०० लावा.

तुम्ही एकाच समाजाचं लिहून घेता, असं लोक म्हणतात.

ज्याचं गेलं त्याचं लिहितो. दगड लागलेल्या पोलीस शिपायाचंही लिहिलं आहे. बंदमध्ये गाडा उलटलेल्या फळवाल्या काकांचंही लिहिलं आहे.

बांगलादेशाचं पाहा. जुलै-ऑगस्ट २०२४ च्या आंदोलनात माणसं गेली, बहुतेक सरकारी दलांच्या गोळीबारात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या अंदाजानं १,४०० पर्यंत. ५ ऑगस्टला पंतप्रधान शेख हसीना देश सोडून गेल्या. नंतर हिंदूंच्या घरांवर, हसीनांच्या अवामी लीग पक्षाच्या लोकांवर, पोलिसांवर हल्ले झाले. त्या कार्यालयाच्या अहवालात हे दोन्ही आहे. पहिलं लिहून दुसरं गाळलं असतं तर अहवाल सत्ता बदलल्यावर उरला नसता. तिथल्या "मायेर डाक" या आया-बहिणींच्या गटानं आधीच्या राजवटीत गायब झालेल्यांची नावं दहा वर्षं लावून धरली होती, म्हणून सत्तांतरानंतर महिनाही न होता चौकशी आयोग नेमला गेला. पुढं नोव्हेंबर २०२५ मध्ये हसीना यांना त्यांच्या गैरहजेरीत फाशी सुनावली गेली. फाशीची शिक्षा मला पटत नाही, गैरहजेरीतली तर अजिबात नाही. पीडितांचा राग मला समजतो, तरीही.

अटक झालेल्या पोरांच्या घरीही जाता म्हणे?

जातो. दगड मारणारा एकोणीस वर्षांचा पोरगा, बाप गुळाच्या गुऱ्हाळावर, आई धुणीभांडी करणारी. त्याला चौकात कुणी बोलावलं, गाडीत पेट्रोल कुणी घातलं, ते तोच सांगू शकतो. बोलावणारे घरी असतात, तारखा या पोराच्या नशिबी येतात. त्याच्या आईनं एकदा आम्हाला दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला चहा दिला आणि म्हणाली, "त्याला सांगा, त्या लोकांची माफी माग म्हणून. माझं ऐकत नाही."

झालं गेलं विसरून मिटवून का घेत नाही? सलोखा महत्त्वाचा की न्याय?

तालमीच्या कट्ट्यावर, शांतता समितीच्या बैठकीत हे ऐकायला मिळतं. बहुतेकांच्या मनात चांगलाच हेतू असतो. पण विसरायला कुणाला सांगतोय, ते पाहावं. ज्याचं दार शाबूत आहे त्यानं दार मोडलेल्याला विसर म्हणू नये.

दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण नेहमी दिलं जातं, पण अर्धंच. वर्णभेदी राजवट संपल्यावर नेमलेल्या, आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या सत्य आणि सलोखा आयोगापुढं २१ हजारांवर पीडितांनी निवेदनं दिली, सुनावण्या १९९६ मध्ये सुरू झाल्या. गुन्हेगाराला माफी हवी तर त्यानं राजकीय हेतूनं केलेलं सगळं कृत्य उघड सांगायचं, अशी अट होती. सात हजारांवर अर्ज आले, माफी मिळाली त्यातल्या थोड्यांनाच. म्हणजे "सगळ्यांना माफ केलं" हे खरं नाही. ज्यांना माफी नाकारली त्यांच्यावर खटले चालायला हवे होते, ते फारसे चाललेच नाहीत. पीडितांना २००३ मध्ये एकरकमी ३० हजार रँड दिले गेले. "खुलुमानी" नावाची पीडितांची संघटना भरपाईसाठी आजही भांडते आहे. खुलुमानी म्हणजे झुलू भाषेत "बोलते व्हा".

मी सलोख्याच्या विरोधात नाही. आधी काय झालं ते कबूल करा, मोडलेलं भरून द्या, मग एकत्र बसू. मावशींच्या वाडीत शेजारच्या गावच्या चार सुतारांनी येऊन दारं बसवून दिली, पैसे घेतले नाहीत. त्यांना कुणी सलोख्याचं भाषण दिलं नव्हतं.

पानसरे अण्णांच्या खटल्याचं काय झालं?

कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना, सागरमाळ भागात घराजवळच गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला अण्णा गेले. तपास आधी विशेष पथकाकडे, २०२२ मध्ये दहशतवादविरोधी पथकाकडे गेला. २०२३ मध्ये आरोप निश्चित झाले. उच्च न्यायालयाची अनेक वर्षांची देखरेख जानेवारी २०२५ मध्ये संपली आणि त्याच महिन्यात काही आरोपींना जामीन मिळाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनाचा निकाल १० मे २०२४ ला लागला, दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले.

अण्णांच्या मागं कोल्हापुरात लोक "निर्भय मॉर्निंग वॉक" काढू लागले. ज्या सकाळच्या फिरण्यावर गोळ्या झाडल्या, तेच फिरणं हातात फलक घेऊन. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या शेजारी एक सत्तरीच्या आजी होत्या. गुडघे दुखत होते, तरी शेवटपर्यंत चालल्या.

नेपाळी मुलंही तुमच्याकडे येतात का?

येतात. इथल्या हॉटेलांत, सोसायट्यांच्या गेटवर काम करणारी. नेपाळमधल्या सप्टेंबर २०२५ च्या आंदोलनानंतर दोघं जण गावाकडच्या भावाची चौकशी करायला आले होते. त्यांच्या देशात १९९६ ते २००६ च्या यादवीत सुमारे १७ हजार माणसं गेली, १,३०० वर अजून बेपत्ता आहेत. आयोग २०१५ मध्ये नेमले गेले आणि कायदा सुधारायला २०२४ उजाडलं. आम्ही त्यांना अर्ज लिहायला मदत केली. भाऊ सुखरूप होता.

नाव बाहेर फुटलं तर?

आमच्याकडून एकदा फुटलं होतं. एका मुलीची हकीकत आम्ही नाव बदलून एका टिपणात दिली, पण गल्ली आणि वडिलांचा धंदा तसाच राहिला. दोन दिवसांत ओळख पटली. तिला शिकवणी सोडावी लागली. तिच्या घरी जाऊन आम्ही हात जोडून माफी मागितली. तिची आई बोलली नाही आणि तिचं बरोबर होतं.

तेव्हापासून नियम कडक आहेत. नाव आणि हकीकत वेगवेगळ्या वह्यांत, वेगवेगळ्या घरी. सांगणाऱ्यानं पुढं कधीही "माझं काढून टाका" म्हटलं तर काढतो, कारण विचारत नाही. लैंगिक अत्याचाराची हकीकत फक्त आमच्या दोन ताई घेतात, तीही एकदाच. बाईला तेच तेच पाच जणांना सांगायला लावणं हा दुसरा छळ आहे. साक्षीदाराला धमकी आली तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो, तो आम्ही त्याच दिवशी करतो.

मला यायचं आहे. काय लागतं?

अक्षर वाचता येण्यासारखं असावं. दुसऱ्याचं बोलणं मध्ये न तोडता ऐकता यावं. सुरुवातीचे तीन महिने फक्त सोबत बसायचं, प्रश्न विचारायचे नाहीत. सेल्फी नाही. कुठल्याही पक्षाचा गमछा, झेंडा खोलीबाहेर. फोडलेल्या घरात कुणी पाणी दिलं तर नाही म्हणायचं नाही.

आणि तक्रार सांगायला यायचं असेल तर सोबत काय आणू?

जे वाचलं असेल ते. आधार, रेशनकार्ड, लाईट बिल, दवाखान्याची चिठ्ठी, फोटो. काहीच नसेल तर तसेच या.

मावशी परवा आल्या होत्या, सर्किट बेंचची तारीख होती म्हणून. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली यादी काढली, चौतीस वस्तूंची. पस्तिसावी त्यांनी स्वतः पेन्सिलीनं खाली लिहिली होती: "तुळशीचा डबा, पितळंचा, आईनं दिल्याला." मला म्हणाल्या, "हे तवा इसरले हुते. आता लिवा."